संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम: कुठले बंद करायचे, कुठले नाही, आणि हट्टी निघाले तर काय

‘मशीन फार स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या.’ नाशकातल्या कुठल्याही कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर येतंच. मशीन सिडकोतल्या टायपिंग सेंटरचं असो, अंबडच्या वर्कशॉपमधलं असो की कॉलेज रोडवरच्या सीएच्या ऑफिसातलं, तक्रार एकच: सकाळी बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. फॉरमॅट मारल्यावर काही दिवस बरं वाटतं, कारण मशीनवर काहीच नसतं. मग एकेक सॉफ्टवेअर परत टाकलं जातं, त्यातलं प्रत्येक ‘मी विंडोजबरोबरच उठणार’ असं परस्पर ठरवून टाकतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या आपोआप उठणाऱ्या मंडळींना वेसण कशी घालायची ते इथे सांगतो. सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ती मशीन्स आजही गावभर चालू आहेत, म्हणून दोन्हींचं सांगतो. मेनूंची आणि आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

आधी तक्रार कोणती ते ठरवा

‘स्टार्टअपचा प्रॉब्लेम’ म्हणून जे सांगितलं जातं त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, फार काही एकदम सुरू होतं म्हणून मशीन रखडतं. दोन, नको ते उघडतं: एखादी जाहिरात, काळी चौकट, ‘फाइल सापडत नाही’ अशी पाटी. तीन, हवं ते उघडत नाही. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत, आणि पहिल्याचा इलाज आंधळेपणाने केला की तिसरी तक्रार जन्माला येते. यूट्यूबवरचा ‘सगळं डिसेबल करा’ हा सल्ला त्याच जातीचा.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. बहुतेक मशीनवर ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं. त्यामुळे ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. ‘रीस्टार्ट’ केलं तर मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. म्हणून बदल केल्यावर तपासायचं ते नेहमी ‘रीस्टार्ट’ करून. ‘बंद करून चालू केलं, काही फरक नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी खरा रीस्टार्ट दिलेलाच नसतो.

पुढचं दार: टास्क मॅनेजर

प्रोग्रॅमला विंडोजबरोबर सुरू व्हायला अनेक वाटा आहेत. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांना पुढचं दार असतं, परसदार असतं, शिवाय बोळात उघडणारं एखादं लहान दारही असतं, इथेही तसंच. बहुतेक जण फक्त पुढचं दार बंद करतात आणि पाहुणा आत आला कसा म्हणून चकित होतात. तरीही सुरुवात तिथूनच करायची.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १०मध्ये छोटीच चौकट दिसली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ दाबा.

२. विंडोज १०मध्ये वरच्या टॅबमधून ‘स्टार्टअप’ निवडा, ११मध्ये डावीकडच्या पट्टीतून ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’.

३. काहीही करण्याआधी या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या काही अडलं तर काल काय चालू होतं ते शोधत बसावं लागणार नाही.

४. वरच्या मथळ्यावर कुठेही राइट क्लिक करा आणि ‘स्टार्टअप टाइप’ व ‘कमांड लाइन’ हे दोन स्तंभ सुरू करा. पहिला सांगतो की नोंद रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जची अंतर्गत नोंदवही) आली की फोल्डरमधून. दुसरा सांगतो की नेमकी कुठली फाइल चालते. नाव काहीही असू शकतं, पण पत्ता सहसा खरं बोलतो.

५. जे नको त्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. याने सॉफ्टवेअर निघून जात नाही. ते फक्त आपोआप उठायचं थांबतं, आयकॉनवर क्लिक केलं की पूर्वीसारखंच उघडतं.

‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ या स्तंभात ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असं लिहिलेलं दिसेल. हे अंदाजपंचे नसतं. सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त उलाढाल केली की ‘हाय’. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्हींच्या आत राहिला तर ‘लो’. मधले सगळे ‘मीडियम’. म्हणजे आजच्या एसएसडी असलेल्या मशीनवर ‘हाय’ दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. ३ एमबी तिथे काहीच नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र असे सात-आठ ‘हाय’ एकदम उठले की डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते.

त्याच पानावर वर उजवीकडे बऱ्याच मशीनवर ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. विंडोजच्या हाती सूत्रं येण्याआधी मदरबोर्डने घेतलेला हा वेळ. तोच २५-३० सेकंद असेल तर स्टार्टअपची यादी कितीही साफ केलीत तरी तेवढा वेळ जाणारच. तेव्हा आधी लावून ठेवलेले पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क काढून बघा.

काय बंद करायचं, काय नाही

बिनधास्त बंद करण्यासारखी मंडळी ओळखीची आहेत: स्पॉटिफाय, स्टीम, टॉरेंटची सॉफ्टवेअर, घरच्या मशीनवरचं टीम्स, प्रिंटरचा ‘स्टेटस मॉनिटर’, लॅपटॉप कंपनीने भरून दिलेली ‘वेलकम’ छापाची अ‍ॅप्स. प्रिंटरचा मॉनिटर बंद केला म्हणून प्रिंट थांबत नाही. छपाईचं काम ‘प्रिंट स्पूलर’ नावाची वेगळी सर्व्हिस, म्हणजे खिडकी न दाखवता मागे चालणारा प्रोग्रॅम, करते, आणि तिला हात लावायचा नाही.

वनड्राइव्हच्या बाबतीत जरा थांबा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतील तर ते बंद केल्यावर बॅकअप गुपचूप थांबतो, आणि हे लक्षात येतं ते डिस्क उडाल्यावर. आधी ते फोल्डर जोडलेले आहेत का ते बघा, मगच निर्णय घ्या.

आता ज्यांना हात लावला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो ती नावं. इंटरनेटवरच्या सर्वसाधारण याद्यांत ती सापडत नाहीत, कारण त्या याद्या आपल्याकडच्या ऑफिसांसाठी लिहिलेल्या नसतात.

आपले सरकार सेवा केंद्र किंवा महा ई-सेवा केंद्राच्या मशीनवर बोटांचे ठसे घेणारं यंत्र असतं. त्याची ‘आरडी सर्व्हिस’ चालू नसेल तर यंत्राची लाइट लागते, पण आधारची पडताळणी होत नाही. रांगेतला माणूस बोट दाबून दाबून कंटाळतो आणि दोष यंत्राला जातो. सर्व्हिसच्या नावात यंत्राच्या कंपनीचं नाव असतं. ते दिसलं की तिथून पुढे सरका.

सीए, वकील आणि टेंडर भरणारे यांच्याकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. त्याचं छोटं युटिलिटी घड्याळाशेजारी बसलेलं असतं. ते बंद केलं की टोकन लावूनही पोर्टलवर सही दिसत नाही असं होऊ शकतं, आणि हे कळतं ते रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला. जीएसटी पोर्टलवर सही करायला लागणारं इमसाइनर वेगळं; तेही त्या वेळी चालू असावं लागतं.

अनेक जण मिळून टॅली वापरतात अशा ऑफिसात ज्या मशीनवर लायसन्स आहे, तिथला टॅलीचा ‘गेटवे सर्व्हर’ बंद करू नका. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये कॅड-कॅमचं सॉफ्टवेअर डाँगलवर (परवान्याची यूएसबी किल्ली) चालत असेल तर ‘सेंटिनेल एलडीके लायसन्स मॅनेजर’ नावाची सर्व्हिस दिसेल. नाव अनोळखी, कंपनी अनोळखी, म्हणून तिच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. मग सॉफ्टवेअर म्हणतं की डाँगल सापडत नाही, आणि डाँगल तर समोर लुकलुकत असतो.

डीटीपीवाल्यांकडे मराठी टायपिंगसाठी श्रीलिपी किंवा आयएसएम. घड्याळाशेजारचा तो आयकॉन गेला की कीबोर्डवर मराठी उमटत नाही. शेवटी साउंडचा ड्रायव्हर, टचपॅड आणि ‘विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन’: हे तिन्ही जागच्या जागी राहू द्या, त्यांचा भारही फारसा नसतो.

ज्याचं नाव कळत नाही त्याचा पत्ता बघा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधला असेल आणि राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये डिजिटल सही ओळखीच्या कंपनीची असेल, तर बहुधा ठीक. ‘टेम्प’ किंवा ‘अ‍ॅपडेटा’मध्ये खोलवर, अगम्य अक्षरांच्या फोल्डरमध्ये असेल तर संशय घ्या. अर्थात सगळंच ‘अ‍ॅपडेटा’तलं वाईट नसतं; अनेक चांगली अ‍ॅप्सही तिथेच राहतात.

एका वेळी दोन-तीनच नोंदी बंद करा, रीस्टार्ट द्या, एक दिवस काम करून बघा. एकदम पंधरा बंद केल्या आणि काही अडलं तर कुठली परत चालू करायची हे कसं ओळखणार?

बंद केलं तरी परत उघडतं

पुढचं दार बंद आहे, तरी आत कोणी येतंच. आता बाकीची दारं एकेक करून बघू.

सगळ्यात साधं कारण त्या अ‍ॅपच्याच सेटिंगमध्ये असतं. ‘लाँच अ‍ॅट स्टार्टअप’ अशी टिक आतमध्ये चालूच राहते आणि अपडेट आलं की काही अ‍ॅप्स आपली नोंद नव्याने टाकतात. तिथली टिक काढा.

दुसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘साइन-इन ऑप्शन्स’, आणि तिथे ‘रीस्टार्टेबल अ‍ॅप्स’ जपून ठेवून पुन्हा उघडण्याचा पर्याय. तो चालू असेल तर काल बंद करताना जे उघडं होतं ते आज पुन्हा उघडतं. टास्क मॅनेजरच्या यादीत शोधून सापडणार नाही, कारण ती स्टार्टअपची नोंदच नाही. फक्त फोल्डरच्या खिडक्या पुन्हा उघडत असतील तर ‘फोल्डर ऑप्शन्स’च्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘रिस्टोअर प्रीव्हियस फोल्डर विंडोज’ ही टिक बघा.

ब्राउझरचं वेगळंच. एजमध्ये ‘सिस्टम अँड परफॉर्मन्स’खाली ‘स्टार्टअप बूस्ट’ असतं. क्रोममध्ये ‘सिस्टम’खाली, खिडकी बंद केल्यावरही मागे चालत राहण्याची परवानगी असते. कमी रॅमच्या मशीनवर दोन्ही बंद करा.

स्टार्टअप फोल्डर बघायचा तर विंडोजचं बटण आणि आर दाबा, आणि उघडलेल्या चौकटीत ‘शेल’, कोलन आणि ‘स्टार्टअप’ असं मध्ये जागा न सोडता टाका. हा तुमच्या एकट्याचा फोल्डर. त्याच मशीनवरच्या सगळ्यांसाठीचा वेगळा आहे: ‘शेल’, कोलन, ‘कॉमन’, मग एक स्पेस देऊन ‘स्टार्टअप’. इथे शॉर्टकट असतात. नको तो कापून डेस्कटॉपवर आणून ठेवा, लगेच डिलीट करू नका.

टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेलं काम (टास्क) आपोआप चालवणारं विंडोजचं साधन, हे खरं परसदार. स्टार्ट मेनूत नाव शोधून उघडा, डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’ निवडा, आणि ‘ट्रिगर्स’ स्तंभात ‘अ‍ॅट लॉग ऑन’ किंवा ‘अ‍ॅट सिस्टम स्टार्टअप’ असलेली टास्क शोधा. लॉगिन होताच काळी चौकट झटकन येऊन जाते, तिचं मूळ बहुधा इथेच सापडतं. ‘अ‍ॅक्शन्स’ टॅबमध्ये नेमकं काय चालतं ते दिसतं. सेकंडहँड घेतलेल्या मशीनवर क्रॅक केलेलं विंडोज असेल तर त्या क्रॅकचीही टास्क इथे ठाण मांडून असू शकते, आणि अँटिव्हायरस सतत ओरडत असेल तर तिच्यामुळेच. अशा वेळी परवाना विकत घेणं हाच खरा इलाज. बाकी सगळी मलमपट्टी. या लायब्ररीतल्या ‘मायक्रोसॉफ्ट’ फोल्डरात मात्र शिरू नका.

सर्व्हिसेस हे शेवटचं मोठं दार. त्याच आर वाल्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’. एखादी सर्व्हिस सकाळी लागतेच असं नाही पण दिवसभरात लागते, अशा वेळी तिला ‘डिसेबल्ड’ न करता ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करा. ती सुरू होते, फक्त बाकीच्यांची गर्दी ओसरल्यावर. सावध पवित्रा म्हणून हा मला सगळ्यात जास्त आवडतो.

इथेच एक नजर दूरवरून मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे टाका. कधीतरी कोणी फोनवरून दुरुस्ती करून दिलेली असते, त्यासाठी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकलेलं असतं, आणि ते सर्व्हिस म्हणून रोज मशीनबरोबर सुरू होत राहतं. नेहमी लागत नसेल तर नुसतं डिसेबल न करता काढूनच टाका. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे तर नक्कीच.

पाट्या आणि पेन ड्राइव्ह

लॉगिन झाल्यावर ‘अमुक फाइल सापडत नाही’ अशी पाटी येते तेव्हा लोकांना वाटतं व्हायरस आला. बऱ्याचदा उलट असतं. अँटिव्हायरसने फाइल उडवली किंवा सॉफ्टवेअर अर्धवट काढलं गेलं, पण ‘ही फाइल चालव’ ही नोंद मागे राहिली. पाटीवरचं फाइलचं नाव लिहून घ्या आणि वर सांगितलेल्या जागांमध्ये ते शोधा. टास्क मॅनेजरमध्ये कधी नुसतं ‘प्रोग्रॅम’ असं नाव आणि कोरा आयकॉन दिसतो, तोही याच प्रकारातला: स्पेस असलेला पत्ता अवतरणचिन्हांशिवाय लिहिला गेला आणि विंडोज ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधल्या पहिल्या शब्दावरच अडखळलं. ‘कमांड लाइन’ स्तंभात पूर्ण पत्ता वाचा, म्हणजे मालक कोण ते कळेल.

एक नोंद मात्र झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानांत पुन्हा पुन्हा भेटते: ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’. नाव भारदस्त, कंपनी मायक्रोसॉफ्ट, म्हणून कोणी हात लावत नाही. होस्ट मायक्रोसॉफ्टचाच आहे, प्रश्न तो कुठली स्क्रिप्ट चालवतोय हा. ‘कमांड लाइन’मध्ये पुढे व्हीबीएस किंवा जेएस एक्स्टेंशनची, ‘अ‍ॅपडेटा’ नाहीतर ‘टेम्प’मधली फाइल दिसली, आणि गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झालेले असले, तर ओळख पटलीच. असं करा:

पेन ड्राइव्ह काढा. नोंद डिसेबल करा. टास्क शेड्युलरमध्ये तीच स्क्रिप्ट आहे का बघा, तिथेही बंद करा. मग ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि त्यातून ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. उघडं काम आधी सेव्ह करा. त्यानंतर दुकानातला प्रत्येक पेन ड्राइव्ह स्कॅन करा. एक जरी राहिला तरी पुढच्या गिऱ्हाइकाआधी व्हायरस परत आलेला असतो. पेन ड्राइव्हमधल्या मूळ फाइल्स बहुधा लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात; फॉरमॅट करण्याआधी ‘हिडन आयटम्स’ची टिक लावून बघा.

दोषी सापडतच नसेल तर

एवढं करून मशीन अडखळतंच आहे, तर ‘क्लीन बूट’. आर वाल्या चौकटीत ‘एमएसकॉन्फिग’ टाका, ‘सर्व्हिसेस’ टॅबवर जा, आणि खालची ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ ही टिक आधी लावा. ती विसरून ‘डिसेबल ऑल’ दाबलंत तर इंटरनेटपासून आवाजापर्यंत काय काय जाईल याचा नेम नाही. टिक लावल्यावर उरलेल्या सगळ्या बंद करा, टास्क मॅनेजरमधल्या नोंदीही बंद करा, रीस्टार्ट द्या. मशीन आता सुरळीत चाललं तर दोषी यांच्यातच आहे. निम्म्या चालू करा, रीस्टार्ट. त्रास आला तर या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. वीसपैकी एक शोधायला असे चार-पाच रीस्टार्ट पुरतात. मोकळा वेळ असेल तेव्हाच हे करा, दुकानात गिऱ्हाईक असताना नाही, आणि सापडल्यावर बाकीच्या सगळ्या परत चालू करायला विसरू नका.

याच एमएसकॉन्फिगच्या ‘बूट’ टॅबमध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ची संख्या वाढवून मशीन पळायला लागतं असं सांगणारे व्हिडिओ पोत्याने आहेत. त्यात काही तथ्य नाही. विंडोज सगळे कोअर आपले आपण वापरतं. ती चौकट उलट कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे.

डेस्कटॉपपर्यंत पोचायच्या आतच मशीन अडकत असेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि पॉवरच्या चिन्हातून ‘रीस्टार्ट’ द्या. पुढे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा ‘रीस्टार्ट’, मग ४ दाबून सेफ मोड. तिथे ही आपोआप उठणारी बहुतेक मंडळी झोपलेली असतात, त्यामुळे शांतपणे नोंदी बंद करता येतात. नव्या लॅपटॉपवर वाटेत बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर हे सुरू करण्याआधी त्यांना फोन करा.

थोडा हात बसला की ‘ऑटोरन्स’ शिका. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्समधलं हे साधन. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये सिसइंटर्नल्स विकत घेतलं आणि ऑटोरन्स आजही त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं. सगळी दारं एका पडद्यावर दाखवतं. आधी ‘ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, नाहीतर यादी बघूनच डोळे फिरतील. पिवळी ओळ म्हणजे फाइल जागेवर नाही. गुलाबी ओळ म्हणजे सही पडताळता आली नाही. तो संशय, पुरावा नव्हे. डावीकडची टिक काढा, ‘डिलीट’ नको.

हवं ते उघडत नाही

ही तिसरी तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात रंजक. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये पेट्यांवर लेबल छापणारा लॅपटॉप असतो. सकाळी कोणीही येऊन बटण दाबावं आणि लेबलचा प्रोग्रॅम समोर हजर असावा, एवढीच मागणी. स्टार्टअप फोल्डरात शॉर्टकट टाकला, उघडत नाही. का?

पहिली शक्यता, प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. अशा प्रोग्रॅमला स्टार्टअप फोल्डर किंवा रजिस्ट्रीतून उठायला विंडोज काही न बोलता अडवतं. त्यासाठी टास्क शेड्युलरमध्ये ‘क्रिएट टास्क’ करा, ‘जनरल’मध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची टिक लावा, ‘ट्रिगर्स’मध्ये ‘अ‍ॅट लॉग ऑन’ ठेवा आणि ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये प्रोग्रॅमची फाइल द्या. तिथली ‘स्टार्ट इन’ची चौकट रिकामी सोडू नका, प्रोग्रॅम ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता तिथे टाका. नाहीतर जुनी सॉफ्टवेअर विंडोजच्याच फोल्डरात आपल्या फाइल्स शोधत बसतात आणि बंद पडतात.

दुसरी शक्यता, डेटा ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर आहे आणि तिथला फोल्डर या लॅपटॉपवर, समजा, झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला आहे. लॉगिन होतं तेव्हा वायफाय अजून जुळत असतं, झेड ड्राइव्हवर लाल फुली असते आणि प्रोग्रॅम हात हलवत परत येतो. ट्रिगरमध्ये ‘डिले टास्क फॉर’ निवडून १ मिनिट द्या. वरची ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची टिक लावली असेल तर आणखी एक गोम आहे: त्या अधिकारात झेड ड्राइव्ह दिसतच नाही असं होतं. मग प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये झेडऐवजी दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पूर्ण पत्ता टाका.

तिसरी शक्यता वरवर कळत नाही. सकाळी वीज नाही, जनरेटर अजून लावायचा आहे, लॅपटॉप बॅटरीवर चालू केला, प्रोग्रॅम उघडला नाही. दुपारी वीज असताना रीस्टार्ट केलं तर उघडला. टास्कच्या ‘कंडिशन्स’ टॅबमध्ये ‘फक्त एसी पॉवरवर असतानाच सुरू कर’ अशा अर्थाची टिक आधीपासूनच लावलेली असते. ती काढा. तिच्याखालीच बॅटरीवर जाताच टास्क थांबवण्याची टिक असते, तीही काढा.

आणि ‘सेटिंग्ज’ टॅब. तिथे ‘३ दिवसांपेक्षा जास्त चालली तर टास्क थांबव’ हेही आधीपासून ठरवलेलं असतं. ऐन हंगामात लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवला जातो, आणि मग भर पॅकिंगमध्ये लेबलचा प्रोग्रॅम आपणहून बंद होतो. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला फोन जातो, तो म्हणतो आमच्याकडे सगळं ठीक. ठीकच असतं. ती टिक काढून टाका.

टास्क तयार झाली की तिच्यावर राइट क्लिक करून ‘रन’ द्या आणि ‘लास्ट रन रिझल्ट’ बघा. शून्य-एक्स-शून्य म्हणजे व्यवस्थित. शून्य-एक्स-दोन म्हणजे दिलेल्या पत्त्यावर फाइल नाही. एवढ्यावर समाधान मानू नका. चार्जर काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि लॉगिन करून एक मिनिट काहीही न दाबता बघत राहा.